पुठ्ठा की स्टायरीन: काल्पनिक लाइनच्या वाघिणी आणि ट्राम

मॉडेल रेल्वेचे रूळ टेबलावर टाकून झालेत, इंजिन फिरतंय, आणि आता लक्षात आलंय की आपल्या मनातली वाघीण (मालाचा डबा) बाजारातल्या कुठल्याच खोक्यात मिळत नाही. इथवर पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. स्केल काय, गेज (रुळांमधलं अंतर) काय, चाकं कुठून मागवायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की डब्याचं अंग कशाचं करायचं: पुठ्ठ्याचं की स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटचं? मी दोन्ही वापरलंय, आणि माझा कल एका बाजूला आहे. तो लपणार नाही, तेव्हा आधीच सांगून टाकलेला बरा.

माझी लाइन सांगली ते हरिपूर. अशी लाइन कधीच नव्हती. पण हरिपूरला हळदीची पेवं होती आणि सांगलीला हळदीची पेठ आहे, तेव्हा मधे एक छोटी रेल्वे असायला काय हरकत होती? दिवसा पोत्यांच्या वाघिणी, संध्याकाळी संगमेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांसाठी ट्राम. लाइन खोटी असली तरी तिची शेजारीण खरी आहे. बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. अडीच फुटी गेज, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माझं स्केल १:८७, तेव्हा त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणून एन गेज या नावानं मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ आपल्या कामाचे. बार्शी लाइन उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं तिथे एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नव्हता, त्यामुळे मोठा माल न्यायचा तर बोगीची, म्हणजे दोन्ही टोकांखाली वेगळा चाकगाडा असलेली, वाघीण हवी. माझ्याही वाघिणी बोगीच्याच, २५ फुटी, म्हणजे टेबलावर साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर. काल्पनिक लाइनला असा एखादा खरा नियम लावून घेतला की डबे आपोआप एका घरातले दिसायला लागतात.

आता स्टायरीन. त्याची बाजू मी मोकळ्या मनानं मांडतो, कारण मालवाघिणीसाठी ते खरोखर छान आहे. कटरनं एक रेघ ओढली, हलकं वाकवलं की टक्कन सरळ तुटतं. नऊ इंची फळी १:८७ मध्ये २.६ मिलिमीटरची होते. शीटवर तेवढ्या अंतरानं बोथट टोकानं रेघा ओढल्या की लाकडी फळ्यांची भिंत तयार. सांधा जोडायचा तर दोन कडा एकमेकींना टेकवायच्या आणि ब्रशनं सॉल्व्हंटचा थेंब लावायचा. थेंब आपसूक फटीत ओढला जातो, प्लास्टिक थोडं विरघळतं आणि दोन तुकड्यांचा एक होतो. कडा घासल्या की गुळगुळीत. पाण्याची भीती नाही. मिळण्याचा मात्र प्रश्न आहे. मॉडेलवाल्यांची नेमक्या जाडीची शीट परदेशातून मागवावी लागते, आणि कधीकधी शीटपेक्षा टपालखर्च जास्त होतो. हिप्स म्हणून जी शीट प्लास्टिकच्या व्यापाऱ्याकडे मिळते तीही स्टायरीनच, पण तो अख्खी मोठी शीट गळ्यात मारतो.

पुठ्ठा म्हणजे वह्यांच्या बाइंडिंगचा भुसभुशीत पुठ्ठा नव्हे. तो कडेला सुटतो, त्याच्या नादी लागू नका. मी म्हणतो ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घट्ट कार्ड आणि चांगला माउंट बोर्ड. लग्नसराईनंतर घरात पत्रिकांचा जो गठ्ठा उरतो, त्यातल्या जाड, बिननक्षीच्या पत्रिका उत्तम. (देवाचं चित्र असलेला भाग कापायला घरातून परवानगी मिळत नाही, आणि मी मागतही नाही.) काल्पनिक लाइनसाठी पुठ्ठ्याचा फायदा असा की तुमच्याकडे नकाशे नसतात, डबा डोळ्यांनीच ठरवायचा असतो. छप्पर जरा उंच वाटलं, फेकलं, दुसरं कापलं. महागड्या शीटवर हे धाडस होत नाही. मागच्या बाजूनं वाळलेल्या बॉलपेननं टोचलं की पुढे रिबिटांची रांग उठते, तीही हवी तितकी बारीक.

पुठ्ठ्याबद्दलच्या दोन तक्रारी तुम्ही ऐकल्या असतीलच, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली, कापलेल्या कडेला लव येते आणि रंग दिल्यावर ती जास्तच दिसते. उपाय लाखदाणा. सुतार पॉलिशला वापरतात तोच, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. पातळ करून दोन हात दिले की कार्ड टणक होतं आणि बारीक पॉलिशपेपरनं घासता येतं. कड फारच नाजूक असेल तर तिच्यावर फेविक्विक ओढायचं. दुसरी तक्रार, ओल लागली की पुठ्ठा वाकतो. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये पापडसुद्धा कुरकुरीत राहत नाही, तिथे कार्डाची काय कथा. पण पुठ्ठा बहुतेक वेळा वाकतो तो एका बाजूनं ओल प्यायल्यामुळे. म्हणून लाखदाणा, प्रायमर, रंग, जे काही द्याल ते आत-बाहेर दोन्हीकडे द्या. पाण्यातला फेविकॉल थर जोडायला वापरलात तर पातळ पसरा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

वाकण्याचं निघालंच आहे तर माझा निर्णय जिथे झाला तिथे येतो. वाकणं फक्त पुठ्ठ्याच्या नशिबी असतं असा समज आहे, तो खरा नाही. ट्रामचं छप्पर किंवा बाजू करताना स्टायरीनचे दोन-तीन पातळ थर एकावर एक चिकटवावे लागतात. त्या थरांमधे सॉल्व्हंट अडकतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते, ते आठवडेच्या आठवडे, कधी महिने, हळूहळू उडत राहतं, आणि तोवर शीट आतून मऊ राहून ओढली जाते. चिकटवताना सगळं सरळ. रंग देताना सरळ. काच बसवली, नंबर लिहिला, रुळावर ठेवली, तेव्हाही सरळ. मग दिवाळीच्या सुमाराला कपाट उघडावं तर ट्रामची बाजू खिडक्यांच्या ओळीत आत पोटाशी गेलेली आणि छपराची टोकं वर. तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही, गरम पाण्यात सरळ करायला जावं तर रंग जातो. आतल्या थराला भोकं पाडावीत, सॉल्व्हंट कमी लावावं, दोन्ही बाजूंना सारखे थर द्यावेत, असे उपाय आहेत आणि त्यांनी फरकही पडतो. तरी तयार डब्याकडे संशयानं बघत बसायचं, हे मला जमत नाही. पुठ्ठा त्याच संध्याकाळी तोंडावर रुसतो, वजन ठेवलं की समजतो. स्टायरीन मनात ठेवतं. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल, विशेषतः कोरड्या गावात आणि एकाच जाड थरातून काम करणाऱ्यांचा.

वासाचंही सांगायला हवं. बरीच सॉल्व्हंटं डायक्लोरोमिथेन किंवा ब्युटेनोनची असतात. ती उघड्या खिडकीपाशी वापरायची. आपल्याकडे हे काम निघतं नेमकं पावसाळ्यात, तेव्हा खिडक्या बंद असतात.

ट्रामपुरतं तर मला फारसा वादच दिसत नाही. ट्राम म्हणजे खिडक्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ ला आली, १९२० ला दुमजली धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. त्या काळातला कुठलाही फोटो काढून बघा, भिंत कमी आणि खांब जास्त. तीन इंची खांब १:८७ मध्ये एका मिलिमीटरपेक्षाही बारीक होतो. स्टायरीनमध्ये आतल्या खिडकीला रेघ ओढून तोडता येत नाही, पूर्ण कापावंच लागतं, आणि सॉल्व्हंटचा जादा थेंब त्या खांबाला लागला की तो लोंबतो. कार्डाचे मात्र थर करता येतात: बाहेरच्या थरावर उठावाच्या चौकटी, आतला थर खिडकीभोवती किंचित मोठा, मधे पारदर्शक फिल्म. शिवाय नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडे आता लेझर मशीन असतं. त्यांना चित्राची फाइल दिली की ३०० जीएसएमवर सगळ्या खिडक्या सुबक कापून मिळतात, कडेला जरा तपकिरी झाक येते ती रंगाखाली जाते. स्टायरीन लेझरखाली कापलं जाण्याऐवजी वितळतं. सनबोर्ड तर पीव्हीसीचा, त्यातून क्लोरीनयुक्त धूर निघतो, तो मशीनला लावायला चांगला कारागीर नकार देतो आणि ते बरोबरच आहे.

वजन दोन्हीकडे सारखंच कमी, फरशीखाली वॉशर चिकटवावेच लागतात.

मग स्टायरीन घ्यायचंच नाही का? घ्या. चासीच्या (खालच्या सांगाड्याच्या) पट्ट्या, बफर बीम (टोकाची आडवी तुळई), ब्रेकच्या दांड्या पुठ्ठ्यात करण्यात अर्थ नाही, तिथे स्टायरीनच्या तयार पट्ट्या वापरा. एकच थर असल्यानं वाकण्याची भीतीही नाही. तेलाच्या टाकीची वाघीण हवी असेल तर प्लास्टिकची नळी घ्या, पुठ्ठा गोल वळवत बसू नका. उघडी, सपाट मालवाघीण एका जाड शीटची करणार असाल तरी मी आडवा येणार नाही. आणि तुमची लाइन तळमजल्यावर असेल, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पूरपट्टीवर पाणी चाळीस फुटांकडे निघालं की घरातलं सामान माळ्यावर चढवण्याची वेळ येत असेल, तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून स्टायरीनच घ्या. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.

सुरुवात करताना ट्राम आधी घेऊ नका. पत्रिकेच्या कार्डाची एक बंद मालवाघीण करा, अर्ध्या भागाला लाखदाणा द्या, अर्धा कोरा ठेवा, आणि ती जूनपासून खिडकीत राहू द्या. गणपतीपर्यंत दोन्ही भागांकडे बघून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.