कारखान्याची लाइन सांभाळावी की लाइन उभारावी: खानदेशातील कंट्रोल्स इंजिनिअरसाठी तुलना

जळगाव, धुळे किंवा शिरपूर येथून इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेल्या आणि पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या, कामाची ओढ असलेल्या तरुणाला मोटार उद्योगात शिरायचे असेल, तर त्याला घर सोडावेच लागते, कारण खानदेशात मोटारी जोडणारा मोठा कारखाना नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने एका बाजूला नाशिक आणि दुसऱ्या बाजूला इंदूरजवळचे पीथमपूर, जळगावहून अजिंठ्याचा घाट ओलांडून वाळूज, आणि सर्वांत मोठा पसारा असलेले चाकण अशी ही ठिकाणे आहेत. गाव कोणते निवडावे याची चर्चा घरात फार होते. पण कामाच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न असा, की गाडी बनवणाऱ्या कारखान्याच्या देखभाल विभागात जावे, की त्या कारखान्याला उत्पादनाची लाइन, म्हणजे यंत्रे आणि रोबोट यांची साखळी, बांधून देणाऱ्या ऑटोमेशन कंपनीत जावे. मी दोन्हीकडे काम केले आहे आणि दोन्हींबद्दल माझे मत सारखे नाही.

लाइन बांधणाऱ्या कंपनीत काम कोऱ्या कागदापासून सुरू होते. पॅनेलचे ड्रॉइंग, इनपुट-आउटपुटची यादी, पीएलसीचा प्रोग्राम, एचएमआयचे (कामगाराने यंत्र चालवायचे) पडदे आणि रोबोटबरोबरचे इंटरलॉक (एकाचे काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हलू न देणारी अट) हे सर्व तयार करून आधी आपल्याच शेडमध्ये ग्राहकाला लाइन चालवून दाखवायची असते. मग ती सुटी करून कारखान्यात पुन्हा उभी करायची आणि चोवीस व्होल्टची एकेक तार तपासायची. वेल्डिंगच्या एका सेलमध्ये, म्हणजे रोबोटच्या कुंपणबंद जागेत, दोन रोबोट एकाच जागेत हात घालणार असतील, तर आधी कोणी जायचे आणि दुसऱ्याने कुठे थांबायचे, हे ठरवताना जे शिकायला मिळते ते चालू लाइनवर वर्षानुवर्षे उभे राहूनही मिळत नाही. एका प्रकल्पात सीमेन्सचा पीएलसी, पुढच्यात रॉकवेलचा, एकीकडे फॅनुकचे रोबोट, दुसरीकडे कूकाचे, असा फेरा तीन-चार वर्षांत पूर्ण होतो.

याची किंमत मात्र वेळापत्रकात मोजावी लागते. चालू लाइनमध्ये बदल करायचा तर ती बंद असावी लागते, आणि ती बंद असते रविवारी, दिवाळीत किंवा वार्षिक देखभालीच्या सुट्टीत. माझ्या पहिल्या चार दिवाळ्यांपैकी तीन मी परक्या गावच्या लॉजवर काढल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर कारखान्याला सुट्टीच नसते. बहीण माहेरी आलेली, झोके बांधलेले, आणि आपण फोनवर ते ऐकत पॅनेलसमोर बसलेले, हे चित्र घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. लहान कंपन्यांत प्रवासभत्ता वेळेवर मिळेलच असेही नाही. एका ठिकाणी मी माझ्याच खिशातले पैसे परत मिळावेत म्हणून पाच महिने पत्रव्यवहार केला आहे.

कारखान्याच्या देखभाल विभागात पगार ठरल्या तारखेला होतो, बस आणि कॅन्टीन असते, आणि मुलीकडच्या मंडळींना कंपनीचे नावही ठाऊक असते. काम पाळ्यांमध्ये चालते. ताशी साठ गाड्यांच्या लाइनवर दर मिनिटाला एक गाडी बाहेर पडते, म्हणजे पंधरा मिनिटांचा बिघाड पंधरा गाड्यांचा असतो, आणि तेवढ्या वेळात पाठीशी चार साहेब येऊन उभे राहतात. बिघाडही बहुधा प्रोग्रामचा नसतो. वस्तू जवळ आल्याचे ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर वेल्डिंगचे शिंतोडे चिकटलेले असतात, सतत हलणाऱ्या केबलमधली एखादी तार आतून तुटलेली असते, किंवा सुरक्षा दाराचे स्विच थोडे सरकल्याने बंद दारही पीएलसीला उघडे दिसते. अशा वेळी सेफ्टीच्या स्विचला बगल देऊन तार थेट जोडून लाइन चालू करण्याचा आग्रह होतो; तो मान्य करू नये, कारण आत अडकणारा माणूस आपल्याच पाळीतला असतो. एकच लाइन पाच वर्षे सांभाळली की तिचा आवाज बदलला तरी कळतो. ही विद्याही खरी, पण ती त्या लाइनपुरतीच राहते.

तिसरा पर्याय घराजवळचा आहे, म्हणून त्याचाही विचार व्हावा. जळगावचे पाइप व ठिबक सिंचनाचे कारखाने, डाळ मिल आणि भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक वीज केंद्र येथेही कंट्रोल्सचे काम आहे. त्याचा पिंड मात्र वेगळा आहे: प्लॅस्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या एक्स्ट्रूडरवर तापमान आणि वेग स्थिर ठेवायचे असतात, तर मोटारीच्या लाइनवर एकामागून एक पायऱ्या अचूक घडवायच्या असतात. एकीकडून दुसरीकडे जाता येते, परंतु मोटार कंपनीच्या मुलाखतीत रोबोट आणि सेफ्टी पीएलसीचा (माणसांच्या सुरक्षेसाठीच्या पीएलसीचा) अनुभव विचारला जातो आणि तेथे हा उमेदवार मागे पडतो. आई-वडील एकटे असतील किंवा केळीची बाग पाहणारे दुसरे कोणी नसेल, तर मी हाच पर्याय सुचवीन आणि त्यात काही कमीपणा मानणार नाही.

घरची अशी अडचण नसेल, तर पहिली तीन-चार वर्षे लाइन बांधणाऱ्या कंपनीत काढावीत आणि मग कारखान्यात जावे. उलट दिशेने जाणे अवघड असते, कारण ठरल्या पगाराची आणि एकाच गावाची सवय झाल्यावर लॉजवर राहायला मन तयार होत नाही. प्लेसमेंटची हमी देणाऱ्या महागड्या पीएलसी कोर्सला पैसे भरण्यापूर्वी कोडेसिस हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घेऊन कन्व्हेयरचा एक प्रोग्राम स्वतः लिहून पाहावा.

कारखान्याच्याच मुलाखतीला जात असाल, तर तेथे एक प्रश्न जरूर विचारावा: लाइनच्या प्रोग्रामचा ताजा बॅकअप कोणाकडे असतो आणि चालू पीएलसीला लॅपटॉप जोडून (ऑनलाइन जाऊन) त्यात बदल कोण करतो? आमचाच विभाग करतो, असे उत्तर मिळाले तर ती नोकरी पहिल्या दिवसापासून घेण्यासारखी आहे. त्यासाठी बाहेरची कंपनी येते, असे सांगितले गेले, तर आपल्या वाट्याला सेन्सर बदलणे आणि त्या कंपनीच्या माणसाची वाट पाहणे येईल, हे धरून चालावे.