स्मरणशक्तीची कॅप्सूल आणि मेंदूच्या व्यायामाचे अ‍ॅप : बारा आठवड्यांनंतर

वाचनालयाच्या काउंटरवर नेहमी येणाऱ्या सभासदाचा चेहरा समोर असावा आणि नाव काही केल्या आठवू नये, असे गेल्या दिवाळीनंतर तीन-चार वेळा झाले. वय चोपन्न, त्यामुळे साधा विसराळूपणाही मनाला लागतो. त्याच भरात स्मरणशक्ती व एकाग्रता वाढवणाऱ्या कॅप्सूल आणि त्यांच्याबरोबर मेंदूच्या व्यायामाचे अ‍ॅप असा जोडसंच मी ऑनलाइन मागवला. तीन महिन्यांच्या कॅप्सूल व अ‍ॅपची वर्गणी मिळून ३,४५० रुपये पडले. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढील आक्षेपांतले बरेचसे या धर्तीच्या इतर डब्यांनाही लागू पडतील.

डबीच्या दर्शनी बाजूला ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध घटक’ असे सोनेरी अक्षरांत छापले आहे. यातला ‘घटक’ हा शब्द फार विचारपूर्वक निवडलेला असावा. घटकांवर संशोधन झालेले आहे, ही कॅप्सूल मात्र कुणी तपासल्याचा उल्लेख डबीवर किंवा आतल्या पत्रकात कुठेही नाही. मागच्या बाजूला, भिंग घेतल्याशिवाय वाचता येऊ नये अशा टाइपात, सात घटकांची यादी आहे : ब्राह्मी, जिन्को (एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क), अश्वगंधा, शंखपुष्पी, एल-थिअनिन (चहात असणारे एक अमिनो आम्ल) आणि आणखी दोन. त्यांच्यापुढे वेगवेगळे आकडे नाहीत. ‘विशेष मिश्रण, एकूण ५०० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिलेले आहे, आणि मात्रा रोज एक कॅप्सूल अशी आहे.

येथे साधी बेरीज करून पाहावी. निरोगी माणसांवर ब्राह्मीचे जे बरे अभ्यास झाले, त्यांत प्रमाणित अर्काची मात्रा साधारणपणे रोज ३०० मिलिग्रॅम होती आणि परिणाम दिसायला बारा आठवडे लागले. ऑस्ट्रेलियात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ४६ जणांच्या चाचणीत पाचव्या आठवड्यात काहीच फरक आढळला नव्हता, बाराव्या आठवड्यात आढळला. त्याच देशात पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांच्या अभ्यासात नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग कमी झाला, पण शिकण्याचा वेग वाढला नाही. जिन्कोच्या मोठ्या चाचणीत रोजची मात्रा २४० मिलिग्रॅम होती. म्हणजे हे दोनच घटक अभ्यासातल्या मात्रेने घालायचे म्हटले, तरी ५४० मिलिग्रॅम होतात. उरलेल्या पाचांना ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये जागा कुठून मिळणार, हे कंपनीलाच ठाऊक.

शिवाय तो २४० मिलिग्रॅमचा जिन्को तरी काय करतो? अमेरिकेतील ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ लोकांना सुमारे सहा वर्षे अभ्यासात ठेवून २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, तो असा की स्मृतिभ्रंश टाळण्यास त्याचा उपयोग झाला नाही. डबीसोबतच्या पत्रकात जिन्कोच्या ‘हजारो वर्षांच्या परंपरे’वर अर्धे पान खर्च केले आहे, या चाचणीबद्दल एक ओळही नाही.

‘ब्राह्मी’ या शब्दाचीही एक अडचण आहे. बाजारात या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात : एक पाणथळ जागी वाढणारी नीरब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी, जिला कोकणात कारिवणा म्हणतात. वरचे दोन्ही अभ्यास नीरब्राह्मीचे आहेत. माझ्या डबीवर शास्त्रीय नाव नसल्याने मी बारा आठवडे यांपैकी काय गिळले, हे मला सांगता येणार नाही. उपाशीपोटी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मळमळ आणि पोटात गडबड झाली. नीरब्राह्मीचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, तेव्हा थोडी तरी तीच असावी, असा मी तर्क केला. जेवणानंतर घेऊ लागल्यावर त्रास थांबला. जेवणानंतर घ्यावी, ही सूचना पत्रकात असायला हवी होती.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. ते दिसायला नेटके आहे, मराठीत चालते आणि रोजची वीस मिनिटे मजेत जातात. चौकटींची जागा लक्षात ठेवण्याच्या खेळात माझे गुण ४१० वरून ९६० वर गेले आणि अ‍ॅपने ‘तुमची स्मरणशक्ती दुपटीहून अधिक’ असे अभिनंदन केले. वास्तविक मी त्या खेळात दुपटीहून तरबेज झालो होतो, एवढेच. २०१० साली ११,४३० जणांवर सहा आठवडे केलेल्या ब्रिटिश प्रयोगातही सरावाच्या खेळांतले गुण वाढले, पण इतर कामांत त्याचा फायदा उतरला नाही. अमेरिकेतील ‘अ‍ॅक्टिव्ह’ या २,८३२ ज्येष्ठांच्या दीर्घ अभ्यासात तर्क आणि वेग यांच्या प्रशिक्षणाचा परिणाम दहा वर्षांनंतरही टिकलेला दिसला, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मात्र बुद्धीच्या चाचण्यांत ज्याचा सराव केला तेच कौशल्य सुधारले, आणि स्मरणाच्या प्रशिक्षणाचा लाभ तोवर ओसरला होता. लुमोसिटी या मेंदूच्या व्यायामाच्या अ‍ॅपच्या कंपनीला फसव्या दाव्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. त्यानंतरही दाव्यांची भाषा फारशी बदललेली दिसत नाही.

कॅप्सूल सुरू करण्याआधी मी घरच्या घरी एक चाचणी ठरवली होती. पत्नीने वीस असंबद्ध शब्दांची यादी वाचायची, मी अर्ध्या तासाने आठवतील तेवढे लिहायचे. सुरुवातीला नऊ आठवले. बारा आठवड्यांनी, नव्या यादीतून, दहा. एका माणसाच्या एका शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि तो शब्द ‘कढीपत्ता’ असल्याने तो मला एरवीही आठवला असता, असे तिचे म्हणणे आहे.

खरा उपयोग झाला तो आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नाचा : ‘‘शाकाहारी आहात ना? बी-१२ कधी तपासले?’’ पुण्यातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के जणांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. बारा आठवडे संपल्यावर मी तपासणी केली, तर माझेही कमी निघाले. आता त्याच्या गोळ्या सुरू आहेत. परिणाम सांगण्याइतके दिवस अजून झालेले नाहीत.

ज्यांना ब्राह्मी घेऊनच पाहायची असेल त्यांनी शास्त्रीय नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही छापलेली, एकाच घटकाची डबी घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जिन्को डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. या जोडसंचाला मी पाचांपैकी दीड तारा देतो, त्यातला एक अ‍ॅपच्या मराठीसाठी. ‘समाधान न झाल्यास पैसे परत’ ही हमी सील न फोडलेल्या डबीपुरतीच आहे, असे ग्राहक सेवेने फोनवर सांगितले. अ‍ॅपची वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, म्हणून पेमेंट अ‍ॅपमधले ऑटोपे आठवणीने बंद करावे. मी ते एक महिना विसरलो होतो.