मार्केटिंग कॉन्फरन्स: मुंबईला जायचं की जळगावात बसून ऑनलाइन बघायचं?

दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो. छोटी एजन्सी आहे आपली, क्लायंट म्हणजे एक सोनार, दोन क्लासेस आणि एक केळी वेफर्सवाला.

आधी ऑनलाइन पास घेतला. स्वस्त पडतो, रेकॉर्डिंग मिळतं, ऑफिसातली पोरंपण बघतात. पण पहिलं सेशन चालू झालं आणि सोनाराचा फोन, भाऊ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पोस्टमध्ये मजुरीचा आकडा चुकला, ते निस्तरेपर्यंत लाइट गेली, मग जेवण, आणि रेकॉर्डिंग नंतर बघू म्हणून ठेवलं ते अजून तसंच पडलंय.

पुढच्या वर्षी स्वतः गेलो. रात्री विदर्भ एक्सप्रेस पकडली, सकाळी दादर, तिथून टॅक्सीने बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, कॉन्फरन्स तिथेच. खर्च पासाचा कमी आणि राहण्याचाच जास्त, डोंबिवलीला मावशी असेल तर अर्धा प्रश्न मिटला. स्टेजवरचं खरं सांगू का, कोटींच्या बजेटच्या गप्पा, आणि आपला क्लायंट दिवसाला पाचशेची अ‍ॅड लावताना दहादा विचारतो, तेवढं तर घरी बसूनपण ऐकता येतं. पण चहाच्या रांगेत एका बिस्किट कंपनीच्या माणसाला वेफर्सचं पाकीट दिलं, त्याने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, यावर केळं कुठंय? खरंच नव्हतं हो! जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (त्या भागाचं खास उत्पादन म्हणून सरकारी नोंदणी) मिळाला, आणि आमच्या पाकिटावर जळगाव फक्त मागे, पत्त्यात. (जीआयचा टॅग मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय छापता येत नाही, उगाच छापून बसू नका.)

पासावर १८ टक्के जीएसटी लागतो, बिल आपल्या जीएसटी नंबरवर घेतलं तर मुंबईच्या कार्यक्रमाचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर आपल्या जीएसटीतून वजा होतो. दिल्लीच्या कार्यक्रमाला तिकडचा स्टेट जीएसटी लावला तर ते पैसे गेले समजा. गोवाफेस्ट हा जाहिरातवाल्यांचा मेळावा २००६ पासून होतो, पण तो अ‍ॅबी अवॉर्ड (जाहिरातींचे पुरस्कार) वाल्या मोठ्या एजन्सीजचा मामला, आपल्याला आत्ता तरी नको.

तर मालक असाल आणि आधीच दोन-चार जणांशी भेट ठरवली असेल तर जा, नुसतं शिकायचं असेल तर ऑनलाइनच घ्या, पण त्या दिवशी फोन दुसऱ्याकडे द्या. यंदा मी एकटाच जातोय, पोरांना ऑनलाइन. परतीचं तिकीट मात्र आत्ताच काढा, सुट्टीत वेटिंग हलतच नाही.