क्विल्टसाठी डाय कटर: आठ महिन्यांनंतर

मनगटाने संप पुकारला म्हणून कापड ठरावीक आकारात कापणारं हे मशीन घेतलं. न्यू जर्सीत क्विल्टचं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचं, वेड लागलं आणि ओल्फा कंपनीने १९७९मध्ये आणलेल्या रोटरी कटरनेच, म्हणजे फिरत्या गोल पात्याच्या कटरनेच, मी इतकी वर्षं कापत आले. पण दीडशे त्रिकोण कापले की संध्याकाळी चहाचा कप डाव्या हाताने उचलायची वेळ यायची.

मशीन विजेवर चालत नाही. डाय म्हणजे एक जाड पाट, त्यात पाती आणि वरून फोम. त्यावर कापड, कापडावर प्लास्टिकची मॅट ठेवायची आणि हँडल फिरवून सगळं दोन रोलरमधून काढायचं, उसाच्या चरकासारखं. सुती कापडाचे सहा थर एका फेरीत निघतात. खरं सुख त्रिकोणांचं. रोटरीने कापताना, दोन त्रिकोण जोडून होणाऱ्या चार इंची तयार चौकोनासाठी पट्टीने चार पूर्णांक सात अष्टमांश इंच मोजून चौकोन कापायचा, मग तो तिरका दुभागायचा. डायमध्ये शिलाईसाठी पाव इंचाची माया आधीच धरलेली असते, टोकंही छाटून येतात. दोन तुकडे जोडताना कड कडेवर बसते.

पहिल्या आठवड्यात मात्र चौकोन एका बाजूने आखूड निघाले. चूक माझीच. रोलर कापडाला ओढतो. आडवा धागा ताणला जातो आणि कापल्यावर आकसतो. उभा धागा रोलरच्या दिशेने ठेवला आणि प्रश्न मिटला.

आईच्या जुन्या सुती साड्यांनी जास्त छळलं. इतक्या विरलेल्या, की फोमवर सरकायच्या. शेवटी कॉर्नस्टार्चची खळ करून, इस्त्री मारून कापल्या. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, मऊ झाली म्हणून साडी गोधडीला घेतात, आणि तू तिलाच खळ लावतेस?" तिच्या गोधडीत कापाकापी नाहीच, थरावर थर आणि धावदोरा.

तक्रारी? खिसा डायच रिकामा करतात, प्रत्येक मापाला वेगळा. कापड रोटरीपेक्षा जास्त वाया जातं. मॅटवर चरे पडतात, म्हणून ती दर वेळी उलटायची आणि फिरवायची. फोममध्ये अडकलेले दोरे सुईने काढत बसावं लागतं. आणि नकळत मी डाय आहेत तेवढेच नमुने शिवायला लागलेय, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

आता ओळखीतल्या एका बाळासाठी पाच इंची चौकोनांचं क्विल्ट करतेय. त्या मापाचा डाय माझ्याकडे नाही, घेणारही नाही. रोटरी कटरला नवीन पातं लावलंय, रोज दहाच चौकोन कापते.