देवबागला सोळा महिने: समुद्रासाठी आलो, खाडीकाठी राहिलो

निवृत्तीनंतर डोंबिवलीचं घर बंद करून आम्ही दोघं देवबागला राहायला आलो, त्याला या महिन्यात सोळा महिने झाले. आलो ऑक्टोबरात. मधे अख्खा पावसाळा काढला, म्हणून आता लिहायला बसले आहे. आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण दिवाळी ते शिमगा इथे कुणालाही कायमचं राहावंसं वाटेल.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणहून दक्षिणेला निघालं की तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूचा लांबट दांडा. त्यावर माड, घरं आणि एकच रस्ता. टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे दिसतं. काही ठिकाणी दोन पाण्यांमधलं अंतर चालत पाच मिनिटांचंसुद्धा नाही.

माझं माहेर राजापूरकडचं, सड्यावरचं, म्हणजे खडकाळ पठारावरचं. आम्हाला पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं. त्यामुळे इथे आल्यावर पहिली मागणी एकच होती, घर समुद्राच्या तोंडावर हवं. तसं मिळालंही. कौलारू, चिऱ्याचं, ओटीवर बसलं की समोर लाटा. भाडं महिना नऊ हजार. शेजारच्या काकी भेटायला आल्या, चहा घेतला, घर फिरून पाहिलं आणि जाताना म्हणाल्या, ‘ताई, घर बरां आसा. पण दर्याक पाठ करून ऱ्हवचा असता.’ तेव्हा मी हसून सोडून दिलं. मग रोज फिरायला जाताना लक्षात यायला लागलं की आमच्या वाडीतली सगळी जुनी घरं माडांच्या आत, खाडीच्या अंगाला आहेत. समुद्राकडे तोंड केलेली घरं बहुतेक नवी आणि त्यातली बरीचशी पर्यटकांसाठी बांधलेली.

पहिला फरक दाखवला गंजाने. दोन महिन्यांत कड्या-कोयंडे लाल झाले. फ्रिजच्या मागची जाळी बोट लावलं की पापुद्र्यासारखी सुटायची. ह्यांच्या बीपीच्या मशीनमध्ये सेलच्या टोकांवर हिरवट थर चढला आणि आकडे भलतेच दाखवायला लागलं. ते कळेपर्यंत आम्ही आठवडाभर घाबरून होतो. आता मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात असतं आणि सेल वापरापुरतेच घालते. कपाटात एक छोटा बल्ब सतत चालू ठेवावा लागतो, नाहीतर पुस्तकांना आणि रेशमी साड्यांना बुरशी धरते. बिजागऱ्या पितळेच्या घ्या, खर्च एकदाच होतो.

पण खरा विषय पाण्याचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

वाळूच्या दांड्यावर विहिरीला गोडं पाणी लागतं याचंच मला आधी नवल वाटलं होतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. भूजलशास्त्रातला ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली चाळीस मीटरपर्यंत त्याचा साठा असतो. इथे ही वरची पातळी अगदीच थोडी, त्यामुळे वीतभर पाणी उपसलं तर खालून खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर सरकायला बघतं. घरमालकांनी दीड हॉर्सपॉवरचा पंप बसवला होता. एप्रिलमध्ये मी सवयीने वरची टाकी एका दमात भरायचे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास डाळ शिजेना. चहा फाटायला लागला. पाणी मचूळ झालं होतं.

काकींकडे गेले तर त्यांनी काही न बोलता आपल्या विहिरीचं पाणी तांब्यातून दिलं. गोड. त्यांचा पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा, तोही सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. बाकी काढायचं ते कळशीने. विहीर खाडीच्या अंगाला, उथळ, आणि तळ कुणी कधी आणखी खणून खोल केलेला नाही. मे महिनाभर आम्ही प्यायचं पाणी त्यांच्याकडून आणलं. त्याचे पैसे कुणी घेतले नाहीत, आणि विचारलं तर राग आला.

मासळीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायची रापण थांबते, मालवणच्या धक्क्यावरचा लिलाव ओस पडतो. तेव्हा घर चालतं ते खाडीवर. ओहोटीला बायका पाण्यात उतरून तिसऱ्या (शिंपले) काढतात, कुणी कुर्ल्या (खेकडे) आणून देतं, गरीला काहीतरी लागतं. त्यासाठी भरती-ओहोटी कळायला हवी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे लहानपणी ऐकलं होतं. षष्ठी असेल तर साडेचार. ते गणित मुंबईला बसतं, इथे भरती थोडी आधी येते. आता मी दिनदर्शिका वार बघायला नाही, तिथी बघायला उघडते.

तिथीचं महत्त्व मला दीप अमावास्येने शिकवलं. आदल्या दिवशी काकी सांगून गेल्या, ‘उद्या अवस आसा, वारो पण भायरचो. पाणी भरून ठेवा आणि रात्री आमच्याकडे येवा.’ आम्ही गेलो नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास ओटीखाली भांडं घासल्यासारखा आवाज आला. टॉर्च मारला तर पायरीवर फेस. लाट येत होती ती फुटून परत जात नव्हती, माडांच्या बुंध्यांमधून पसरत आत येत होती. चपला तरंगत होत्या. ह्यांनी औषधांचा डबा उचलला, मी गॅसचा कॉक बंद केला आणि काकींचा मुलगा कंदील घेऊन घ्यायला आला, त्याच्यामागून आम्ही घोटाभर पाण्यातून रस्ता ओलांडला. त्यांच्या माळ्यावर झोपलो. झोप अर्थात लागली नाही. खाडीचं पाणीही चढलं होतं, पण ते हळू चढतं आणि कुठवर येणार हे त्या घराला ठाऊक असतं. बारानंतर उतरायला लागलं.

सकाळी अंगणात वाळूचा थर, प्लास्टिकच्या बाटल्या, सुरूच्या काड्या, आणि विहिरीत समुद्र. किनाऱ्याला दगडाचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे तिथे त्याने बरंच अडवलं होतं. जिथे तो संपतो तिथून पाणी वळून आत आलं होतं. गावातल्या लोकांच्या मते ही रात्र साधीच. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ त्यांनी इथेच काढलंय, माड आणि विजेचे खांब कोसळून कित्येक दिवस अंधार होता.

सप्टेंबरात आम्ही रस्त्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला घर घेतलं. भाड्यानेच. इथे कड्यांचा नुसता रंग उडालाय, गंज नाही.

विकत घ्यायचा विचार आम्हीही केला होता. पहिल्याच हिवाळ्यात एका मध्यस्थाने समुद्रालगतची जागा दाखवली, ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणाला आणि मी पन्नास हजार विसार दिला. नंतर सातबारा काढला तर चौदा नावं, त्यातले कित्येक मुंबईत. घरपट्टीची पावती होती, बांधकामाची परवानगी नव्हती, आणि भरतीरेषेपासूनचं अंतर मोजलं तर किनारी नियमांमध्ये घर दुरुस्त करतानाही अडचण आली असती. शिवाय शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला लागतो. पैसे परत मिळायला सात महिने गेले, तेही सगळे नाहीत. पावसाळा पाहिल्याशिवाय आणि सातबारा स्वतः वाचल्याशिवाय विसार देऊ नका, हे मी कळकळीने सांगते आहे.

आजारपण हा दुसरा मोठा प्रश्न. ऑगस्टमध्ये पहाटे ह्यांच्या छातीत दुखलं. रिक्षाने मालवण गाठलं, तिथल्या एका दवाखान्यात ईसीजीचं मशीन बंद, मग कुडाळच्या बाजूला. पहिला ईसीजी निघेपर्यंत दोन तास गेले होते. सुदैवाने हृदयाचं नव्हतं. मोठं काही असेल तर इथली माणसं गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात, आणि त्याला आणखी अडीच-तीन तास धरा. ज्यांना हृदयाचा जुना त्रास आहे त्यांनी हा हिशोब आधी मांडावा. आम्ही दोन महिन्यांची औषधं घरात ठेवतो आणि १०८ सोबत दोन रिक्षावाल्यांचे नंबर भिंतीवर लिहिलेत.

एसटी आहे, मला अर्ध्या तिकिटात मालवणला जाता येतं. वीज जाते, इन्व्हर्टर लागतोच. नाताळच्या आठवड्यात त्या एका रस्त्यावर गाड्या अडकतात आणि संगमाकडचा वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट दिवसभर असतो. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण शांततेसाठी येणाऱ्यांनी तो आठवडा धरून चालावं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी रडले होते. सतत पाऊस, ओले कपडे, बोलायला कुणी नाही असं वाटत होतं. ते वाटणं खोटं होतं, मीच कुणाकडे जात नव्हते. नव्या घरात आल्यापासून संध्याकाळी काकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गजाली (गप्पा) असतात. मालवणी मला अजून नीट बोलता येत नाही, समजते सगळी. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर पहाटेपर्यंत दशावतार पाहिला, थंडीत शाल पांघरून, आणि त्यातला राक्षस, संकासुर, आल्यावर त्यांनी माझा हात दाबला तो अजून आठवतो.

अकरा महिन्यांचा करार ऑगस्टात संपतो. वाढवायचं ठरलंय. घरमालकांना एवढंच सांगितलंय की पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचाच राहू दे, आणि माळ्याला खाडीच्या बाजूने एक खिडकी काढून द्या.