खेळणी घरातच राहिली आणि 33,779 रुपये गेले

घरात साठलेली 86 कापडी खेळणी, म्हणजे ज्यांना आपण सरसकट टेडी किंवा सॉफ्ट टॉईज म्हणतो ती, दान करायला गेले आणि माझ्या खात्यातून 33,779 रुपये गेले. रक्कम मुद्दाम पूर्ण लिहीत आहे. गेला दीड महिना नातेवाइकांना मी ‘थोडे पैसे गेले’ एवढेच सांगत आले आहे आणि त्या लपवाछपवीचा मला आता संताप येतो. फोनवर गोड बोलून, क्यूआर कोड पाठवून पैसे कसे काढून घेतात हे वाचकांना माहीत आहे. मलाही माहीत होते. म्हणूनच हे लिहिणे मला जड जाते आहे.

पूर्व उपनगरातील आमचे घर साडेचारशे चौरस फुटांचे आहे. मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासून आलेली खेळणी कधी टाकली गेली नाहीत. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला गुडघ्याएवढा अस्वल, माहीमच्या जत्रेतले ससे, वाढदिवसांत परत भेट म्हणून मिळालेली डझनावारी लहान माकडे, असे सगळे माळ्यावर, पलंगाखाली आणि कपाटावर भरून राहिले होते. मुलीचे लग्न होऊन ती पुण्याला गेली, तरी खेळणी इथेच राहिली. मुंबईच्या पावसाळ्यात अशा खेळण्यांतला फायबर दमट होतो, कापडावर बुरशीचे ठिपके येतात आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे त्यात वाढतात. मे महिन्यात नातू आठ दिवस राहायला आला आणि दुसऱ्याच रात्री त्याची छाती वाजू लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात गालिचे आणि टेडी किती आहेत, हा. त्यामुळे ही खेळणी लवकर घराबाहेर काढणे मला गरजेचे वाटले, हे आधी लक्षात घ्यावे.

मी प्रयत्न केले नाहीत असेही नाही. बोहारणीने जुन्या साड्या घेऊन पातेले दिले, पण खेळण्यांच्या पिशवीत तिने हातसुद्धा घातला नाही. भंगारवाल्याने या मालाला भाव नाही असे सांगितले. एका रुग्णालयाच्या मुलांच्या विभागात विचारले, तर वापरलेली मऊ खेळणी संसर्गाच्या भीतीने घेत नाही असे उत्तर आले, आणि ते योग्यच होते. जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेने धुतलेली पाच-सहा चालतील म्हटले. उरलेल्या ऐंशींचे काय करायचे? नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप फिरत आला: जुनी खेळणी घरी येऊन नेऊ, आदिवासी पाड्यांतल्या मुलांना देऊ. गटावर आलेला निरोप ओळखीच्या माणसाने पुढे पाठवलेला असतो, खात्री केलेला नसतो, हे कोणीही विसरू नये.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता, मला ‘काकू’ म्हणत होता आणि त्याने खेळण्यांची संख्या, आकार, धुतलेली आहेत का, हे सगळे शांतपणे विचारले. नोंदणीचे 299 रुपये मी लगेच भरले. मग त्याने सांगितले की 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तुमची खेळणी त्याआधीची आहेत, म्हणून प्रत्येकी 45 रुपये तपासणीची ठेव भरावी लागेल आणि गाडी यायच्या आधी ती परत मिळेल. 86 खेळण्यांचे 3,870 रुपये झाले. आयएसआयचा नियम खरा आहे, आणि तेवढ्याने मी फसले. तो नियम खेळणी बनवणारे, आयात करणारे आणि विकणारे यांच्यासाठी आहे, घरातली जुनी बाहुली कोणाला देणाऱ्या आजीसाठी नाही, एवढा विचार मी केला नाही. खऱ्या नियमाच्या आधाराने कोणी पैसे मागितले, तर तो नियम आपल्याला लागू आहे का, हे फोन ठेवून तपासावे.

दुसरी खूण याहून ठळक होती आणि ती चुकल्याची लाज मला जास्त आहे. तो म्हणाला की खेळण्यांच्या किमतीची 80जी ची पावती देऊ, प्राप्तिकरात सवलत मिळेल. मी 31 वर्षे हिशेब विभागात नोकरी केली आहे. वस्तुरूपाने दिलेल्या दानाला 80जी ची सवलत मिळत नाही आणि रोखीने दिलेल्या दानालाही 2,000 रुपयांपलीकडे मिळत नाही, हे मी कार्यालयात कितीतरी जणांना समजावून सांगितले आहे. त्या दिवशी मी ते ऐकले आणि ‘बरं’ म्हणाले. चार मोठ्या पिशव्या दारात भरून ठेवल्या होत्या, नातू दिवाळीत पुन्हा येणार होता आणि मला फक्त गाडी यायला हवी होती.

आता तो क्षण. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ठेव परत करण्यासाठी क्यूआर कोड आला. मी तो स्कॅन केला. पडद्यावर पैसे भरण्याचा पर्याय होता आणि रक्कम 9,870 होती. मी शेवटचे 870 पाहिले आणि 3,870 असेच वाचले. ती रक्कम त्याने जाणूनबुजून निवडली होती, याबद्दल मला शंका नाही. खाली पिन मागितला होता. तो कानाशी सतत बोलत होता, ‘काकू, गाडी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, ड्रायव्हर थांबलाय.’ मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. हे वाक्य आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मीच मागच्या वर्षी त्यांचा नवा फोन हातात घेऊन दोनदा म्हणायला लावले होते. पैसे गेल्याचा संदेश आल्यावर तो म्हणाला की चुकीची नोंद झाली, दुप्पट रकमेचा कोड स्कॅन केला की दोन्ही रकमा एकत्र परत येतील. मी 19,740 रुपये पाठवले. तिसरा कोड 39,480 चा आला तेव्हा माझा हात थांबला. त्या एका मिनिटात मला कोणीही काहीही करायला लावू शकले असते असे वाटते. घाईत असलेल्या माणसाला मूर्ख म्हणणाऱ्यांनी ती घाई एकदा अनुभवून पाहावी.

यानंतरचे सहा दिवस मला पैशांपेक्षा अधिक सलतात. बँकेच्या फोनवर वीस मिनिटे आकडे दाबल्यावर ‘उद्या शाखेत लेखी अर्ज द्या’ असे सांगण्यात आले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, असे फोनवरच्या बाईंनी एकदाही सांगितले नाही. मला तो क्रमांक दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाकडून कळला. तिथे तक्रार लगेच नोंदवून घेतली, पण तोवर पैसे पहिल्या खात्यातून पुढे गेले होते. लवकर कळवले तर रक्कम वाटेत गोठवता येते आणि माझा तो वेळ अर्ज लिहिण्यात गेला. शाखेत अधिकाऱ्याने मान वर न करता म्हटले, ‘पिन तुम्हीच टाकला, बँकेचा संबंध नाही.’ रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान त्याच्यावर पडते, पण बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेवर पडते, हे मी त्यांना दाखवले. मी कळवल्याची वेळ लिहून द्या म्हटले, तर ‘सर्व्हर बंद आहे’.

पोलीस ठाण्यात मला तीन वेळा जावे लागले. पहिल्या वेळी हवालदाराने ‘टेडीसाठी तेहतीस हजार?’ असे मोठ्याने विचारले आणि बाकावर बसलेली माणसे माझ्याकडे पाहू लागली. दुसऱ्या वेळी सायबर विभागाकडे पाठवले. तिथून रक्कम लहान आहे म्हणून परत ठाण्याकडे. तिसऱ्या वेळी सांगितले की समोरचे खाते परराज्यातले आहे, हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी तो कागद छापूनच नेला होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि ‘साहेब आल्यावर या’ म्हणाले. साठी ओलांडलेल्या बाईने हिशेबासकट, वेळेसकट, कोडच्या छायाचित्रांसकट सगळे समोर ठेवल्यावर तिला बसायला खुर्ची द्यावी, एवढी अपेक्षा जास्त आहे का? पैसे माझ्या चुकीने गेले, हे मी लिहिलेच आहे. तक्रार घेण्यात झालेली दिरंगाई माझी नाही.

ज्यांच्याकडे माझ्यासारखाच ढीग आहे त्यांनी दान नेण्यासाठी एक रुपयाही कोणाला देऊ नये. कोणाच्या हाती द्यायचे ते ठिकाण आधी स्वतः जाऊन पाहावे. संभाषणे पुसू नयेत, मी रागाने काही पुसली आणि नंतर पस्तावले. बँकेशी बोलताना तक्रार क्रमांक मिळेपर्यंत फोन ठेवू नये. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माझा अर्ज तिथे गेल्या सोमवारी गेला.

मावशींनी खेळणी पाहिली आणि मला काहीही न विचारता धुवायला घेतली. पंधरा चांगली निघाली, ती त्या आपल्या वस्तीतल्या बालवाडीत देऊन आल्या. ज्यांना बुरशी लागलेली नव्हती अशा काहींची शिवण आम्ही उसवली, आतला फायबर धुऊन उन्हात वाळवला आणि त्याच्या तीन उशा झाल्या. उरलेल्या दोन पिशव्या अजून दाराशी आहेत. मुलीने परवा फोनवर विचारले की टेडी नेले का, आणि मी तिला पहिल्यांदाच पूर्ण रक्कम सांगितली.