बाळाच्या टोपीसाठी आणि दुपट्यासाठी सुती दोरा: तुळशीबागेतलं एक दुकान

तान्ह्या बाळासाठी क्रोशाने काही विणायचं असेल तर दोरा हातात घेऊन, चोळून, मगच विकत घ्यावा या मताची मी आहे. पुण्यात त्यासाठी तुळशीबागेतलं हे छोटंसं दुकान मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. पाटी टांगलेल्या लड्यांमागे झाकलेली असते. मंदिराच्या बाजूच्या बोळात शिरलात की त्या रंगीत लड्या हीच खूण.

भाचीचे दिवस भरत आलेत. बाळ वैशाखात येणार आणि पहिले महिने रत्नागिरीत काढणार. बाळंतविड्यात झबली-टोपडी शिवून झाली होती, टोपी आणि दुपटं मात्र मला विणूनच द्यायचं होतं. मी "बाळाची लोकर दाखवा" म्हटल्यावर दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "ताई, बाळ कुठे राहणार? आणि कोणत्या महिन्यात?" रत्नागिरी म्हटल्याबरोबर त्यांनी मऊ, लुसलुशीत ॲक्रिलिकचे गोळे बाजूला सारले आणि साधा सुती दोरा काढला. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, कोकणातल्या उकाड्यात बाळाला त्याने घामोळं येईल, असं ते म्हणाले. मलाही ते पटलं. मागितलेला माल विकायची संधी समोर असताना हे सांगणारा दुकानदार विरळा.

'मिल्क कॉटन' म्हणून जो दोरा सध्या सगळीकडे मिळतो, तोही मी मागितला. काकांनी उंबऱ्याबाहेर जाऊन दोन्हींचे तुकडे काडीने पेटवून दाखवले. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास आला आणि राख बोटांत चुरली. त्या दुसऱ्याचं टोक वितळून कडक मणी झाला, म्हणजे त्यात ॲक्रिलिक भरपूर. वेष्टनावर काय लिहिलंय यापेक्षा ही परीक्षा खरी. घरीही करता येते, फक्त तुकडा चिमट्यात धरा आणि शेजारी पाणी ठेवा.

मी फिका पिस्ता आणि सायीचा रंग घेतला. 50 ग्रॅमचा गोळा 120 रुपयांना. पिस्ता रंग सुटतो का पाहायला मी ओल्या पांढऱ्या रुमालावर दोरा घासला, त्यावर कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. उलट गल्ल्यावरच्या काकूंनी सगळ्या गोळ्यांवरचे लॉट नंबर, म्हणजे दोरा कोणत्या खेपेत रंगवला त्याचे क्रमांक, जुळवून दिले. हे फार महत्त्वाचं आहे. रंग तोच असला तरी वेगळ्या लॉटचा गोळा मध्येच लागला की दुपट्यावर पट्टा उमटतो. पूर्वी एका ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या दोऱ्यात माझं असंच झालं होतं, आणि त्यांनी माल परत घेतला नाही. इथे न उघडलेले गोळे बिल दाखवून परत करता येतात, म्हणून मी निर्धास्तपणे दोन जास्तच घेतले.

आता दोरा कसा निघाला ते सांगते. 3.5 मि.मी.च्या सुईवर तो छान बसतो, पीळ घट्ट आहे, सुईचं टोक दोऱ्यात घुसून तंतू फाटत नाहीत. टोपीसाठी मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) 12 खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके, घालून दर फेरीला 12 वाढवत 60 पर्यंत गेले. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 36 सें.मी. असतो. टोपी थोडी ताणते, म्हणून घेर 33 धरला, तेव्हा वरच्या चकतीचा व्यास साडेदहा सें.मी. झाला की वाढवणं थांबवायचं आणि सरळ विणत उतरायचं. एका गोळ्यात टोपी होऊन दोरा उरला. गोंडा, मणी, गळ्याशी बांधायचे बंद यांतलं काहीही लावलं नाही. बाळ सगळं तोंडात घालतं.

दुपटं 75 सें.मी. चौरस. एक मुका खांब (बुटका टाका), एक खांब असं आलटून पालटून विणलं, त्यामुळे वीण भरीव होते आणि बाळाची बोटं अडकतील अशी भोकं राहत नाहीत. जाळीची नक्षी दिसायला सुंदर, पण तान्ह्यासाठी मी ती विणणार नाही. आठ गोळे लागले. आधी नमुन्याचा चौकोन धुऊन पाहिला होता, तो किंचित आटला, म्हणून दुपटं थोडं मोठंच धरलं. सुती दुपटं ॲक्रिलिकपेक्षा जड होतं आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही, हा याचा खरा तोटा. पण प्रत्येक धुण्यानंतर ते जास्त मऊ होत जातं.

भाचीला एक गोष्ट बजावून सांगितली आहे: हे मांडीवर घेताना, बाहेर नेताना वापरायचं. बाळ झोपलं की टोपी काढायची आणि पहिलं वर्षभर अंथरुणात सुटं पांघरूण ठेवायचं नाही. बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. विणणाऱ्या प्रत्येकीने भेट देताना हे सांगावंच.

दुकानात दोन उणिवा आहेत. सुयांचे आकार मोजकेच मिळतात, 3 मि.मी.ची चांगल्या मुठीची सुई मला दुसरीकडून आणावी लागली. आणि संध्याकाळी उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, काकांना सवड असते. घरून एक पांढरा रुमाल घेऊन जा.